धरण भरलंय, मग कोयनेची जनित्रं बंद का?

पावसाळा लागला की सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट येते. कोयना धरणात अमुक टीएमसी साठा, नवजाला अमुक मिलिमीटर पाऊस, पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग. थोड्या दिवसांनी सहा वक्र दरवाजे उचलल्याची बातमी येते आणि नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो. उन्हाळ्यात त्याच चौकटीत साठा रोज घटत जातो आणि सोबत भारनियमनाची कुजबुज सुरू होते.

ही चौकट वाचणाऱ्याला काही प्रश्न हमखास पडतात. महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र आपल्याकडे आहे, पाण्याला पैसे पडत नाहीत, मग कोयना चोवीस तास का चालवत नाहीत? वीज कमी पडत असताना जनित्रं बंद का असतात? आणि आता सह्याद्रीत जागोजागी पाणी खाली सोडून परत वर चढवायचे प्रकल्प येऊ घातलेत, त्यात काय हशील? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती कळायला सुरुवात गच्चीवरच्या टाकीपासून करू.

हजार लिटरची काळी टाकी

तिसऱ्या मजल्यावर नळाला धार बारीक येते आणि तळमजल्यावर जोरात, हा सगळ्यांचा अनुभव आहे. पाणी जितक्या उंचीवरून येईल तितका त्यात जोर. जलविद्युत केंद्रात याच जोरावर एक चक्र फिरवतात, त्या चक्राच्या दांड्याला जनित्र जोडलेलं असतं आणि जनित्र फिरलं की वीज तयार होते. यात पाणी जळत नाही, संपत नाही, तापतही नाही. चक्रातून बाहेर पडलेलं पाणी होतं तेवढंच असतं, त्याची उंची तेवढी खर्च झालेली असते. या बाहेर पडलेल्या पाण्याला अवजल म्हणतात. हा शब्द पुढे लागणार आहे.

आता थोडा हिशेब. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरची, म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरची हजार लिटरची टाकी पूर्ण खाली सोडली आणि तिच्यावर वीज केली, तर एक युनिट व्हायला अशा चाळीस टाक्या लागतील. तीच टाकी ४७५ मीटर उंचीवरून सोडली तर एकाच टाकीत एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. ४७५ मीटर हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहात उतरतं, तेव्हा साधारण तेवढीच उडी घेतं.

नदी पूर्वेला, पाणी पश्चिमेला

कोयना नदी महाबळेश्वराला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकला डावीकडे वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथून कृष्णेसोबत तिचं पाणी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जातं. हा सगळा प्रवास सावकाश, मंद उताराचा. पण नदीच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार ओलांडली की जमीन एकदम कोसळते आणि खाली कोकण सुरू होतं. कुंभार्ली घाट उतरताना कानात दडे बसतात ते याच उडीमुळे.

या प्रकल्पाची सगळी बुद्धिमत्ता इथे आहे. नदीला धरण बांधून पाणी अडवायचं, डोंगरातून बोगदा काढायचा आणि पूर्वेकडे निघालेलं पाणी पश्चिमेला कोकणात ओतायचं. धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी पाणी सोडलं तर ते फार तर ऐंशी मीटर पडतं. पश्चिमेला सोडलं तर ४७५ मीटर. पाणी तेवढंच, वीज जवळजवळ सहापट.

पोफळीचं भूमिगत वीजगृह १९६२ पासून सुरू झालं. पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॅट. तिथलं अवजल कोळकेवाडीला अडवून अलोरे इथे आणखी शंभरेक मीटर उतरवतात आणि त्यावर ३२० मेगावॅटचा तिसरा टप्पा चालतो. चौथा टप्पा सगळ्यात मोठा, १,००० मेगावॅटचा. त्याच्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जे केलं ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. जलाशय भरलेला असताना खालून बोगदा खणत नेला, तळाशी खडकाचा शेवटचा पडदा ठेवला आणि तो सुरुंगाने उडवून पाणी आत घेतलं. धरण रिकामं करावं लागलं नाही. याला लेक टॅपिंग म्हणतात. साठा खाली गेल्यावरही पाणी घेता यावं म्हणून २०१२ मध्ये ते दुसऱ्यांदा केलं. धरणाच्या पायथ्याचं ४० मेगावॅटचं वीजगृह धरून कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट होते. बातमीतला २,१०० क्युसेक विसर्ग या पायथ्याच्या छोट्या वीजगृहाचा. तिथून सुटलेलं पाणी कराडकडे जातं. खरी मोठी वीज करणारं पाणी त्या ओळीत नसतंच.

मेगावॅट म्हणजे रुंदी, युनिट म्हणजे पोतं

इथे दोन शब्दांची गल्लत होते आणि मग सगळी चर्चाच भरकटते. मेगावॅट सांगतो की एखादं केंद्र एका क्षणाला जास्तीत जास्त किती जोर लावू शकतं. युनिट सांगतं की प्रत्यक्षात किती वीज तयार झाली. कणगीच्या तोंडाची रुंदी आणि कणगीतलं धान्य यांत जो फरक आहे तोच हा. तोंड रुंद असलं म्हणजे आत धान्य जास्त आहे असं होत नाही. ते झटकन काढता येतं, एवढंच.

कोयनेच्या कणगीचं तोंड फार रुंद आहे आणि आतलं धान्य ठरलेलं आहे. धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८०० कोटी. पण हे सगळं पाणी विजेला मिळत नाही. कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र-तेलंगण यांचा वाटा आहे. कोयनेतून पश्चिमेला वळवलेला थेंब कृष्णेच्या खोऱ्यातून कायमचा जातो. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, कोयनेतून वर्षाला ६७.५ टीएमसी एवढंच पाणी पश्चिमेला नेण्याची मर्यादा घातली. हे पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. दुष्काळी वर्षात तर या वाट्यालाही कात्री लागते.

आता ६७.५ टीएमसी पाण्याला ४७५ मीटरची उडी देऊन बघा. ढोबळमानाने २२० कोटी युनिट होतात. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून १,६०० मेगावॅट पूर्ण जोराने चालले तर तासाला १६ लाख युनिट. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे १,३७५ तास. वर्षाच्या ३६५ दिवसांवर वाटले तर दिवसाला पावणेचार तास!

म्हणजे कोयना आळसाने बंद नसते. तिला वर्षाची शिधापत्रिका मिळालेली आहे आणि तीवर दिवसाला पावणेचार तासच लिहिलेत. चोवीस तास पूर्ण जोराने चालवली तर वर्षाचं पाणी दोन महिन्यांत संपेल, आणि मार्च-एप्रिलच्या तापत्या संध्याकाळी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा हात रिकामे.

पण मग एवढी मोठी यंत्रं बसवली तरी कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. पाणी पावणेचार तासांचं असेल तर यंत्रं लहान बसवून तीच वीज दिवसभरात सावकाश काढता आली असती, खर्चही वाचला असता.

याचं उत्तर विजेच्या स्वभावात आहे. वीज जशीच्या तशी मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. तुम्ही आत्ता पंख्याचं बटण दाबलं तर त्याला लागणारी वीज कुठेतरी आत्ता, याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा तोल ढळला तर साऱ्या वीजजाळ्याचा वेग बदलतो. आपल्याकडे हा वेग सेकंदाला ५० आवर्तनांचा ठेवतात. डबलसीट घेतल्यावर सायकलचं पायडल जसं जड होतं, तसं मागणी वाढली की साऱ्या देशातली जनित्रं किंचित जड फिरू लागतात. तेव्हा कुणीतरी लगेच जोर वाढवावा लागतो.

कोळशाचं केंद्र हे करू शकत नाही असं नाही, पण त्याला वेळ लागतो. ते चुलीसारखं आहे. पेटवायला वेळ, आच वाढवायला वेळ, विझवून पुन्हा पेटवायचं म्हटलं तर कित्येक तास. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र अशी अखंड धगधगणारी चूल आहे आणि तिने तसंच राहावं. पाण्याचं केंद्र गॅसच्या शेगडीसारखं. झडप उघडली की मिनिटांत पूर्ण जोर, बंद केली की शांत.

५ एप्रिल २०२०, रात्रीचे नऊ

टाळेबंदीच्या दिवसांत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन झालं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. पणत्या लावणाऱ्या आपल्याला तो एक प्रसंग होता. वीजजाळं सांभाळणाऱ्यांना ती परीक्षा होती. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली, आणि दिवे पुन्हा लागले तशी ती तितक्याच वेगाने वर आली. कोळशाच्या चुली एवढ्या वेगाने कमी-जास्त होणं शक्यच नव्हतं.

तो भार मुख्यतः पाण्याने पेलला. देशभरातली जलविद्युत केंद्रं आधी २५,००० मेगावॅटच्या वर नेऊन ठेवली होती. दिवे मालवू लागले तशी ती ८,००० मेगावॅटपर्यंत खाली आणली आणि मग लगेच पुन्हा वर नेली. त्या रात्री त्यांनी किती युनिट तयार केली याला फारसा अर्थ नव्हता. हव्या त्या मिनिटाला जोर देणं आणि हव्या त्या मिनिटाला थांबणं, हे काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. माझ्या मते जलविद्युत समजून घ्यायला एवढा एक प्रसंग पुरे.

आणि ही गरज आता रोजची झाली आहे. राज्याची कमाल मागणी २५,००० मेगावॅटच्या वर जाते. सौरऊर्जा वाढतेय, शेतीपंप दिवसा चालावेत म्हणून सौर कृषी वाहिन्या उभ्या राहताहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण सूर्य संध्याकाळी सहा-साडेसहाला मावळतो आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर, वातानुकूलन यंत्रं सुरू होतात. दुपारी वीज उतू जाते, संध्याकाळी कमी पडते. घरगुती ग्राहकांनाही आता दिवसाच्या वापरावर सवलत देणारे मीटर आलेत, ते याचसाठी. युनिट तेच, पण दुपारी दोनचं युनिट आणि रात्री आठचं युनिट यांची किंमत एक राहिलेली नाही.

खाली गेलेलं पाणी परत वर?

इथून तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. दुपारी वीज जास्त आणि संध्याकाळी कमी, तर दुपारची वीज ठेवायची कशात? एक जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे उंची. डोंगरावर एक तळं आणि पायथ्याशी एक तळं. दुपारच्या जादा विजेवर पंप लावून पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची. सरकारी कागदांत याला उदंचन जलविद्युत म्हणतात. यंत्र एकच असतं. एका दिशेने फिरलं की जनित्र, उलट फिरलं की पंप.

महाराष्ट्राला हे नवं नाही. टाटांच्या भिरा केंद्रात १५० मेगावॅटचा असा संच आहे. राज्याने घाटघरला २००८ च्या सुमारास २५० मेगावॅटचा प्रकल्प सुरू केला. वरचं धरण अकोले तालुक्यात प्रवरेवर, खालचं घाट उतरून शहापूर तालुक्यात चोंढ्याला. ऐन कड्यावरून खाली बघितलं तर दोन्ही तळ्यांतलं अंतर किती थोडं आणि उंची किती मोठी, ते डोळ्यांना दिसतं. सह्याद्रीचा हा उभा कडा उदंचनासाठी जणू आयताच मिळालेला आहे, म्हणूनच भिवपुरी आणि शिरवत्यासकट अनेक ठिकाणी मोठे प्रकल्प प्रस्तावित आहेत.

चार युनिट घालून तीन मिळतात, हा तोट्याचा धंदा नाही का?

मिळतात खरंच तीन. पंपात, नळीत, जनित्रात थोडी थोडी वीज उष्णतेत जाते आणि साधारण पाव हिस्सा हरवतो. ऊर्जेच्या हिशेबात तोटाच आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

पण कांदा चाळीत ठेवला की काही सडतो, काहीचं वजन घटतं. तरी शेतकरी चाळ बांधतो, कारण काढणीच्या वेळचा भाव आणि चार महिन्यांनंतरचा भाव यांत फरक असतो. वीज बाजारात दुपारी भरपूर सूर्यप्रकाश असताना भाव दोन-तीन रुपयांवर येतो आणि टंचाईच्या संध्याकाळी दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. समजा अडीच रुपयांची चार युनिटं घेतली, दहा रुपये झाले. संध्याकाळी तीन युनिटं आठ रुपयांनी गेली तर चोवीस. यंत्रांचा, बोगद्यांचा, कर्जाचा खर्च यातूनच निघायचा असतो आणि तो फार मोठा असतो, तरीही गणित बसू शकतं. बॅटऱ्या स्वस्त होताहेत आणि दोन-चार तासांच्या साठ्यासाठी त्या खरी स्पर्धा देतील. मात्र सहा-आठ तासांचा साठा आणि कित्येक दशकांचं आयुष्य हवं असेल तर अजून तरी डोंगर आणि पाणी पुढे आहेत.

अवजल समुद्रात का जाऊ द्यायचं?

कोयनेचं अवजल वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. इकडे माण, आटपाडी, जत टँकरवर जगतात. राग येणं साहजिक आहे. काहींना वाटतं, वीज बंद करा आणि सगळं पाणी पूर्वेला सोडा.

पूर्वेला सोडलेलं पाणी आपोआप दुष्काळी भागात पोचत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ते नदीच्या पात्रातून खाली जातं आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना ते पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलतात. त्या पंपांना प्रचंड वीज लागते. म्हणजे पश्चिमेला पाणी उतरवून आपण वीज करतो आणि पूर्वेला वीज घालून पाणी चढवतो. म्हणून पाणी किंवा वीज असा एकच पर्याय निवडण्यापेक्षा कोणत्या महिन्यात किती टीएमसी कुठे, हा हिशेब दरवर्षी उघडपणे मांडला जावा, असं मला मनापासून वाटतं. सौर विजेवर हे पंप दिवसा चालले तर कोयनेचं पाणी संध्याकाळसाठी शिल्लक राहील. कोकणातल्या माणसाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. अवजल त्याच्या दारावरून जातं आणि उन्हाळ्यात त्याच्याही विहिरी कोरड्या असतात. त्याला त्यातलं पिण्याचं आणि शेतीचं पाणी द्यायला लवादाची आडकाठी नाही, कारण ते पाणी एव्हाना कृष्णेच्या खोऱ्याबाहेर गेलेलं असतं.

पाण्याची वीज फुकट नसते

कोळसा लागत नाही, धूर निघत नाही, म्हणून ही वीज फुकट वाटते. तिची किंमत आधीच कुणीतरी मोजलेली असते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला तो मुंबईच्या विजेसाठी आपली भातखाचरं बुडू नयेत म्हणून. धरण झालंच, आणि १९२७ मध्ये त्याच पाण्यावर भिऱ्याचं केंद्र सुरू झालं. कोयनेच्या जलाशयात जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली गावं गेली. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो आला १९७६ साली. उठलेल्यांतल्या अनेक कुटुंबांची तिसरी पिढी आजही पर्यायी जमिनीसाठी अर्ज-मोर्चे करते आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं आणि नंतर त्याला बळकटी दिली गेली. जलाशयातल्या पाण्याचा भार आणि खडकांत मुरणारं पाणी यांमुळे तिथे भूकंप होतात, असं शास्त्रज्ञ मानतात आणि जगभर या विषयात कोयनेचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. नेमकं काय घडतं ते बघायला तिथे गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चालू आहे.

उदंचन प्रकल्पांत तळी लहान असतात आणि तेच पाणी फिरत राहतं, त्यामुळे कोयनेइतकी बुडीत जमीन लागत नाही, हे खरं. पण सड्यावरची वरची तळी बहुतेक वेळा जंगलात, देवरायांच्या शेजारी आणि झऱ्यांच्या डोक्यावर येतात. बोगदे खणताना डोंगरातलं पाणी वाट बदलू शकतं आणि खालच्या वाडीचा बारमाही झरा आटू शकतो. तुमच्या तालुक्यात अशा प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर तळं पहिल्यांदा भरायला पाणी कोणत्या नदीतून आणि कोणत्या महिन्यात घेणार, बाष्पीभवनाने घटलेलं पाणी दरवर्षी कुठून भरणार, बोगद्याच्या रेषेवर किती झरे-विहिरी आहेत याची मोजणी काम सुरू होण्याआधी झाली आहे का, आणि आधीच्या धरणातून उठलेल्या माणसांच्या याद्या त्याच तालुक्यात अजून उघड्या आहेत का, एवढं लेखी विचारा. उत्तर इतिवृत्तात आलं का तेही पाहा, कारण सुनावणीत नोंदवलेल्या प्रत्येक हरकतीला अंतिम अहवालात उत्तर देणं प्रकल्पाला बंधनकारक असतं.